अर्जात न मावलेली तक्रार

न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी किशोर विभाग सांभाळते. एडिसन-इझलिनच्या या पट्ट्यात मराठी घरं भरपूर. त्या शनिवारी एक बाई डेस्कशी आल्या, माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचलं आणि थेट मराठीत म्हणाल्या, “ताई, हे पुस्तक इथून काढून टाका. तुम्ही आपल्यातल्या आहात, तुम्हाला कळेल.”

पुस्तक होतं होली ब्लॅक यांचं ‘व्हाइट कॅट’, 2010 साली आलेलं, त्रयीतलं पहिलं. किशोर विभागाची खरेदी मी स्वतः करते, आणि अशी पुस्तकं शोधून आणल्याचा मला अभिमान आहे. जादू आणि माफिया यांची मोट बऱ्याच जणांनी बांधली, पण इथे त्यामागे पक्कं तर्कशास्त्र आहे. जादू उघड्या हाताच्या स्पर्शानं होते, म्हणून सगळं जग हातमोजे घालून वावरतं. जादूवर बंदी आहे, म्हणून ती अंगात असलेली माणसं गुन्हेगारी घराण्यांच्या पदरी जातात. अमेरिकेत 1920 ते 1933 च्या दारूबंदीनं टोळ्या पोसल्या, तसंच. शिवाय प्रत्येक जादू करणाऱ्यावर उलटते. दुसऱ्याच्या आठवणी पुसणाऱ्याच्या स्वतःच्या आठवणी झिजतात. नायक कॅसल सतरा वर्षांचा, घरात जादू नसलेला तो एकटाच, असं त्याला वाटत असतं. आई लोकांच्या भावना बदलते आणि त्यापायी तुरुंगात आहे. पुढचं सांगत नाही.

बाईंनी आधी जादू, मग गुंडगिरी, मग शिव्या असं सगळं मांडलं. मी नियमाप्रमाणे फेरविचाराचा अर्ज पुढे केला. डिसेंबर 2024 मध्ये आमच्या तेव्हाच्या गव्हर्नरांनी सही केलेल्या ‘फ्रीडम टू रीड’ कायद्यानं अशा आक्षेपांसाठी लेखी धोरण असणं सक्तीचं केलंय, आणि ते योग्यच आहे. अर्जात पहिल्याच पानावर विचारलेलं असतं : पूर्ण पुस्तक वाचलंत का? बाईंनी ‘हो’ लिहिलं. हे क्वचित घडतं. आक्षेप घेणारे बहुतेकजण कुणीतरी पाठवलेली चार वाक्यं घेऊन येतात.

‘नेमका आक्षेप कशाला?’ या रकान्यापाशी मात्र त्यांचं पेन थांबलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “हे वाचून माझा मुलगा मला विचारतो, आई, तू माझ्यासाठी जे ठरवतेस ते माझ्यासाठी, की तुला हवं तसं मी व्हावं म्हणून? रोबोटिक्स सोडायचं म्हणतोय. आम्ही काय गुंड आहोत का हो?”

मला काही सुचलं नाही. कारण पोरानं पुस्तक अगदी बरोबर वाचलं होतं. ज्यांच्यावर जीव आहे तीच माणसं तुमच्या डोक्यात काय काय भरून ठेवतात, हाच त्या कादंबरीचा गाभा आहे. हातमोजे आणि टोळ्या त्याभोवतीच्या. मी एवढंच म्हटलं, “ताई, त्यानं तुम्हालाच विचारलं ना? बाहेर कुणाला नाही.” त्या गप्प बसल्या. मग त्यानं आणखी काय काय नेलंय ते विचारू लागल्या. ते मी सांगितलं नाही. वाचकाची नोंद गोपनीय ठेवण्याचा कायदा या राज्यात आहे, आणि आमचं वाचनालय तो मुलांनाही लावतं. “आपल्यातल्या असून?” एवढं म्हणून अर्धवट अर्ज पर्समध्ये टाकून त्या गेल्या.

एका सहकाऱ्यानं सुचवलं, पुस्तक गुपचूप प्रौढांच्या कपाटात हलव, कटकट मिटेल. मला या सल्ल्याचा संताप येतो. अर्ज नाही, समिती नाही, चर्चा नाही, आणि पोरांना पुस्तक मिळेनासं होतं. बंदीपेक्षा हे वाईट, कारण याविरुद्ध कुणी दादही मागू शकत नाही. आक्षेप विचाराधीन असतानासुद्धा पुस्तक जागेवरच ठेवायचं, हा आमचा नियम आहे. ‘व्हाइट कॅट’ जागेवरच आहे.

अर्ज अजून परत आलेला नाही. पण त्या मुलानं दुसऱ्या भागासाठी, ‘रेड ग्लव्ह’साठी, नाव नोंदवलंय, आणि पुस्तक दुसऱ्या शाखेतून काल आलं. पुस्तक आल्याचा ईमेल यंत्रणा आपोआप पाठवते, तो कार्डावरच्या पत्त्यावर. अल्पवयीन मुलांच्या कार्डावर पत्ता पालकांचा असतो. म्हणजे मी डेस्कवर जी गोष्ट सांगायला नकार दिला, ती आमचीच यंत्रणा त्यांच्या फोनवर पोचवते. तेरा वर्षांपुढच्या मुलांना स्वतःचा ईमेल देता यावा, असं मी संचालकांना लेखी कळवलंय. उत्तर यायचंय. तोवर ईमेल गेलेला आहे.