उजव्या पायाचं तिसरं बोट

डिसेंबरात नागपूरची पोरं माझ्याकडे कांद्यासारखी गुंडाळून येतात. दोन टोप्या, हातमोजे, लोकरीचे मोजे, वरून दुलई. मानेवाड्यातल्या माझ्या दवाखान्यात एक पोर सोलायला पाच मिनिटं लागतात आणि बाहेर नंबर खोळंबलेले असतात. मग स्वेटर वर करून छातीला स्टेथो लावायचा, पोट दाबायचं, झालं. मीही हेच करते, आधीच सांगून टाकते.

ते बाळ साडेतीन महिन्यांचं. आदल्या दुपारपासून रडत होतं. रात्री नऊला बापाचा फोन आला तेव्हा मीच म्हणाले होते, ‘‘गॅसेस असतील, उभं धरा, पाठीवर थोपटा.’’ रात्र आई आणि आजीने पाळीपाळीने खांद्यावर काढली. ग्राइप वॉटर झालं, बेंबीभोवती हिंग लावून झाला, मीठ-मोहरीने नजर काढून झाली. पहाटे चारला बापाने त्याला गाडीत घालून रिंग रोडला दोन चकरा मारल्या. सकाळी गल्लीतल्या डॉक्टरांनी पोटदुखीचे थेंब लिहून दिले. त्यांना नावं ठेवायला मी कोण!

‘‘पोट्टं रात्रभर रडून राह्यलं मॅडम, काऊन रडते समजूनच नाही राह्यलं,’’ आजी म्हणाल्या.

कॉलिकचं रडणं, म्हणजे धडधाकट तान्ह्या बाळाचं उघड कारणाशिवायचं रडणं, आमच्या कानाला सवयीचं. दोन-तीन आठवड्यांचं बाळ झालं की सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत आपसूक ओसरतं. बहुधा दिवेलागणीनंतरचं. त्यावर खात्रीचं औषध नाही, बाटल्या मात्र धडाक्यात खपतात. हे बाळ कॉलिक संपायच्या वयात नव्याने रडायला लागलं होतं, तेही सकाळी अकराला. तिथे मला खटकलं. कान पाहिले, टाळू पाहिली, जांघेत हर्निया नाही, डोळ्यात खरचटलेलं नाही. ‘‘मोजेही काढा.’’

‘‘थंडी लागेल ना मॅडम,’’ आई म्हणाली.

उजव्या पायाचं तिसरं बोट पिकल्या करवंदासारखं झालं होतं. गडद जांभळं, टरटरून फुगलेलं, आणि बुडाशी सुरीने आखावी तशी खाच. केसाचा फास. ओला केस ताणला जातो आणि वाळताना आवळतो. बोट सुजलं की तो मांसात बुडून दिसेनासा होतो. उशीर झाला तर बोटच जातं. कातडी शाबूत असेल तर केस काढायचं साधं क्रीम लावून तो दहा मिनिटांत विरघळवता येतो. इथे कातडी फाटली होती. सिस्टरने पाऊल घट्ट धरलं, मी भिंग लावलं आणि बारीक चिमट्याने खाचेत शिरले. एक वेढा निघाला. बोटाचा रंग बदलेना. पुन्हा शोधल्यावर खाली दुसरा सापडला. तो कापला आणि बाळ हुंदक्याच्या मध्येच झोपलं. माझ्या तपासणीच्या टेबलावर, तोंड उघडं टाकून.

बापाने विचारलं, ‘‘केस आला कुठून?’’

मी खुशीत होते. निदान जमलं की आम्ही डॉक्टर फार बोलतो. ‘‘आईचाच. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस झडतात, मोज्यात आत अडकून बसतात, धुतले तरी निघत नाहीत.’’

‘‘मी म्हणत होती ना, केस मोकळे सोडून नको बसत जाऊ,’’ आजी म्हणाल्या.

आई काहीच बोलली नाही. दीड दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता तिच्या. केस झडणं कुणाच्या हातात नसतं, हे मी नंतर सांगितलं, पण तोवर आजींनी दुलई गुंडाळायला घेतली होती. नुसतं ‘मोज्यात केस होता’ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? आणि रात्री फोनवर मोजे काढायला सांगितलं असतं तर? हा दुसरा प्रश्न मला त्या खोलीत कुणीच विचारला नाही.

तिसऱ्या दिवशी बोट गुलाबी झालं होतं. आईने गाडीवर बांधतात तसा स्कार्फ बांधला होता, केबिनमध्येही सोडला नाही. पिशवीतून तिने मोज्यांचे सहा जोड काढले, सगळे उलटे केलेले.

‘‘एकदा तुम्ही पाहून देता का मॅडम?’’

बाहेर नंबर थांबले होते. मी एकेक मोजा दिव्याखाली धरून पाहिला.