दहा मिनिटं, दोनदा

आधीच सांगून ठेवायला हवं: अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ वाचायची राहिली असेल तर इथंच थांबा. खाली खुन्याचं नाव सरळ लिहिलं आहे. ते लपवून या कादंबरीबद्दलच्या वाचकांच्या मतांवर कामाचं काही बोलताच येत नाही.

ही कादंबरी १९२५ मध्ये लंडनच्या ‘ईव्हनिंग न्यूज’मध्ये क्रमशः छापली गेली आणि १९२६ मध्ये पुस्तक म्हणून आली. तेव्हापासून वाचकांचं भांडण एकाच जागी अडलं आहे. गोष्ट सांगणारा डॉ. शेपर्ड खासगी गुप्तहेर पॉयरोच्या मागं मागं फिरतो, टिपणं काढतो, आणि शेवटी रॉजर अ‍ॅक्रॉइडचा खून त्यानंच केलेला निघतो. एक गट म्हणतो, ही वाचकाची शुद्ध फसवणूक. दुसरा म्हणतो, सगळं डोळ्यांसमोर होतं, तुम्ही पाहिलं नाही. गंमत म्हणजे दोन्हीकडचे बहुतेक जण चौथं प्रकरण पुन्हा न उघडताच भांडत असतात.

तर ते प्रकरण उघडा आणि घड्याळाच्या वेळा तेवढ्या पाहा. नऊला वीस मिनिटं कमी असताना अ‍ॅक्रॉइडचा बटलर पार्कर टपाल घेऊन येतो, त्यात मिसेस फेरर्सचं, म्हणजे नुकतीच आत्महत्या केलेल्या गावातल्या एका विधवेचं पत्र असतं. तिला कोण छळत होता, पैसे कोण उकळत होता, ते नाव, म्हणजे डॉक्टरचंच, त्या पत्रात आहे. अ‍ॅक्रॉइड म्हणतो, हे मी एकटा असताना वाचेन. नऊला दहा कमी असताना डॉक्टर खोलीतून निघतो, पत्र तेव्हाही वाचलेलं नसतं. दाराच्या मुठीवर हात ठेवून तो क्षणभर थांबतो, मागं वळून पाहतो, काही करायचं राहिलं तर नाही ना, असा विचार करतो, आणि दार ओढून घेतो. खून झाला तो या दोन वेळांच्या मधल्या दहा मिनिटांत. मजकुरात त्या दहा मिनिटांना एक पूर्णविराम आहे, बाकी काही नाही. एकही वाक्य खोटं नाही.

दुसरी दहा मिनिटं लगेच पुढं आहेत. बंगल्यापासून फाटकापर्यंत चालत पाच मिनिटं लागतात. डॉक्टर ८:५० ला निघाला, म्हणजे ८:५५ ला फाटकाशी हवा. तिथं पोचतो तेव्हा चर्चच्या घड्याळात नऊचे ठोके पडतात, आणि हे तो स्वतःच लिहून ठेवतो. या जादा वेळात त्यानं अ‍ॅक्रॉइडचा सावत्र मुलगा राल्फ पॅटनचे बूट चढवले, खिडकीच्या चौकटीवर त्यांचे ठसे उमटवले, आत शिरून दाराला आतून कुलूप लावलं, आणि पुन्हा आपले बूट घालून फाटक गाठलं. पॉयरोला पहिला संशय येतो तो या फरकावरून. वाचकाच्या हातात आकडे तेच आहेत. वजाबाकी करायची होती, ती आपण केली नाही.

नियमांचा हवाला देणारेही भेटतात. १९२८ मध्ये रहस्यकथाकार एस. एस. व्हॅन डाइननं रहस्यकथेचे २० नियम लिहिले. त्यातला एक असा, की गुन्हेगार गुप्तहेराला जेवढं फसवतो त्यापलीकडे लेखकानं वाचकाला फसवू नये. या कसोटीवर ही कादंबरी बिनदिक्कत पास होते, कारण शेपर्डनं पॉयरोपासून लपवलं तेवढंच आपल्यापासून लपवलं. तीच टिपणं तो पॉयरोलाही वाचायला देतो! मात्र १९२९ मध्ये आणखी एक रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सनं घातलेल्या नियमांपुढे ती टिकत नाही. ज्याच्या मनातले विचार वाचक वाचतो आहे तो खुनी नसावा, आणि गुप्तहेराच्या वॉटसननं, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या सोबत्यानं, मनात आलेलं काही दडवू नये, असं त्यात म्हटलं आहे. पण हे दोन्ही कायदे पुस्तकानंतरचे. मागच्या तारखेनं दंड लावण्यासारखं झालं ते.

मराठीतून या कादंबरीकडे बघितलं की ही कारागिरी जास्त कळते. खून उघडकीस आल्यावर डॉक्टर पार्करला पोलिसांना फोन करायला पाठवतो आणि लिहितो, ‘जे थोडंफार करायचं होतं, ते मी केलं.’ हे जसंच्या तसं मराठीत येतं आणि दुटप्पीपणाही शाबूत राहतो. पण दाराच्या मुठीपाशी एखाद्या अनुवादकानं सहज ‘अ‍ॅक्रॉइडचा निरोप घेऊन मी निघालो’ असं लिहिलं, की खेळ खलास. मेलेल्या माणसाचा निरोप घेता येत नाही, म्हणजे निवेदक खोटं बोलला, आणि फसवणुकीचा आरोप तिथंच सिद्ध झाला. ‘त्यांना पत्र वाचायला सोडून मी बाहेर पडलो’ हेही तसंच. ही कादंबरी कुठल्याही भाषेत आणणाऱ्याला भराभर अनुवाद करून चालत नाही, प्रत्येक क्रियापद साक्षीदारासारखं उभं करून तपासावं लागतं.

मग पुस्तकात खोट कुठंच नाही का? आहे, पण आरोप करणारे बघतात तिथं नाही. खोट आहे डिक्टाफोनमध्ये. साडेनऊला सेक्रेटरी रेमंडला बंद दाराआड अ‍ॅक्रॉइडचा आवाज ऐकू येतो. प्रत्यक्षात तो अ‍ॅक्रॉइडनं आधी भरून ठेवलेला आवाज असतो, आणि यंत्रांची आवड असलेल्या डॉक्टरनं ते ठरलेल्या वेळी आपोआप सुरू होईल अशी जोडणी केलेली असते. त्या काळच्या डिक्टाफोनवर आवाज मेणाच्या नळकांड्यावर भरत आणि टायपिस्ट कानाला नळी लावून ऐकत. तसल्या यंत्राचा आवाज बंद दारातून ऐकू यावा आणि जिवंत माणसाचा वाटावा, हे पचायला जड आहे. धागा म्हणून मात्र तो फार सुंदर विणला आहे. रेमंडला ऐकू आलेलं वाक्य आठवा: अलीकडे माझ्या पैशावर इतक्या मागण्या येत आहेत की आपली विनंती मान्य करणं मला अशक्य आहे. समोर बसलेल्या माणसाशी असं कोण बोलतं? ही तर पत्र सांगायची भाषा.

खुर्चीही तशीच. दारातून पाहणाऱ्याला खिडकीजवळचं टेबल, म्हणजे त्यावरचा डिक्टाफोन दिसू नये म्हणून उंच पाठीची खुर्ची पुढं ओढलेली असते, आणि नंतर ती जागेवर जाते. पार्कर हे सांगतो तेव्हा बहुतेक वाचक पान उलटून मोकळे होतात. डॉक्टरची काळी बॅग त्या रात्री दोन्ही वेळा त्याच्या हातात असते, तीही कुणाला खुपत नाही. डॉक्टरच्या हातात बॅग असायचीच.

योगायोगाबद्दलची तक्रार थोडी खरी, थोडी उतावळी. पावणेदहाला काकांना भेटले, असं अ‍ॅक्रॉइडची पुतणी फ्लोरा सांगते आणि खुनाची वेळ पुढं ढकलली जाते. ती खोटं बोलते, कारण त्या वेळी ती काकांच्या झोपायच्या खोलीतून ४० पौंड उचलून उतरत असते. यात खुन्याचा फायदा झाला, कबूल. पण योगायोगानं कोडं सुटत असेल तर लेखकाला बोल लावावा. इथं तो कोडं आणखी गुंतवतो, आणि रहस्यकथेत एवढी सूट चालते. सव्वादहाला डॉक्टरच्या घरी स्टेशनवरून आलेला फोन, ज्याच्या निमित्तानं तो बंगल्यावर परत जातो, मला जास्त लंगडा वाटतो. तो जहाजावरच्या एका कारभाऱ्यानं डॉक्टरच्या सांगण्यावरून केलेला असतो. त्यानं गाडी पकडायच्या घाईत फोन केलाच नसता तर प्रेत सकाळी सापडलं असतं, आणि डिक्टाफोन उचलायला डॉक्टर जागेवर नसता. इतका काटेकोर माणूस सगळा डाव एका परक्याच्या आठवणीवर लावतो.

पॉयरो उशिरा येतो, ही तक्रार घाई असलेल्या वाचकांची. तो तिसऱ्या प्रकरणात शेजारच्या बागेत भोपळे पिकवताना भेटतो आणि प्रकरण हातात घेतो ते सातव्यात. त्याच्या निवृत्त आणि खासगी असण्याला शेवटी वजन येतं. सकाळी सगळं इन्स्पेक्टर रॅग्लनला कळेल, असं सांगून तो खुन्याला रात्रभर मोकळा सोडतो. डॉक्टर आपला शेवट स्वतःच्या हातानं करून घेतो, मिसेस फेरर्सप्रमाणेच. नोकरीतल्या पोलिसाला हे करता आलं नसतं. काही वाचकांना ही दया वाटते, काहींना गुन्हा. मला ती बहिणीखातर केलेली तडजोड वाटते, आणि पॉयरो तसं जवळजवळ बोलूनही दाखवतो.

या पुस्तकावर अभिप्राय लिहिणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. ‘शेवट हादरवून टाकतो’ एवढं लिहिलं तरी रहस्य अर्धं फुटतं, कारण चतुर वाचक लगेच सर्वांत कमी संशयिताकडे वळतो. ‘निवेदकावर विश्वास ठेवू नका’ म्हणजे तर नावच सांगितलं. न फोडता लिहायचं असेल तर किंग्ज अ‍ॅबट गावाबद्दल लिहा, पत्त्यांसारख्या माहजाँगच्या बैठकीत चाललेल्या कुचाळक्यांबद्दल लिहा, प्रत्येक पात्र काहीतरी लपवतंय याबद्दल लिहा. सगळ्यांत भरवशाचा विषय म्हणजे डॉक्टरची बहीण कॅरोलिन. घराबाहेर पाऊल न टाकता गावभरची बातमी काढणारी ही बाई ख्रिस्तीला स्वतःला फार आवडायची, आणि मिस मार्पलचं बीज तिच्यात असावं असं तिनं लिहून ठेवलं आहे.

दुसऱ्या वाचनात कॅरोलिनच्या वाक्यांखाली पेन्सिल चालवा. उलगडा व्हायला बराच अवकाश असताना ती भावाला तोंडावर सांगते की तू पाण्यासारखा कमकुवत आहेस, तुझ्यावर लक्ष ठेवायला मी नसते तर तुझं काय झालं असतं कोण जाणे. भावाबहिणीची नेहमीची कुरबुर समजून आपण पुढं जातो.