दुसरा अधिक तिसरा
23 मे 2019. लोकसभेच्या मतमोजणीला मी सहायक होतो. मोबाईल गेटवरच जमा केला. वर पत्रा आणि सोलापूरचा मे. आणखी काय सांगायचं!

काम तसं यांत्रिक. सील बघायचं, 17-सी म्हणजे केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाच्या फॉर्मवरच्या एकूण मतांशी मशीनचा आकडा ताडायचा, मग रिझल्टचं बटण. एकेका उमेदवाराचा आकडा उमटला की कंट्रोल युनिट जाळीकडे तिरकं धरायचं. पलीकडचे एजंट माना उंचावून लिहून घेतात. थोड्या फेऱ्यांतच सगळ्यांची पेनं वंचित बहुजन आघाडीच्या प्रकाश आंबेडकरांच्या आकड्यापाशी रेंगाळायला लागली.

जाळीमागचे दोघे एकाच गल्लीतले निघाले. काँग्रेसवाला पुटपुटला, "खाल्ली बे तुम्ही आमची मतं."

वंचितवाल्याने मान वर केली नाही. "तुमच्या नावावर सातबारा होता का बे?"

सुपरवायझर मॅडमनी डोळे वटारले तेव्हा गप्प झाले.

अखेर भाजपचे जयसिद्धेश्वर स्वामी 5,24,985, काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे 3,66,377 आणि आंबेडकर 1,70,007. नंतर चहाच्या गाड्यावर तेच दोघे भेटले. काँग्रेसवाल्याने तळहातावर बेरीज मांडलेली: दुसरा अधिक तिसरा, 11,399 ने पुढे. "सर, तुम्ही गणिताचे. काढा चूक."

बेरीज बरोबर होती. म्हटलं, "ह्याचे सगळेच्या सगळे तुझ्याकडे आले असते होय? शंभरातले सात घरी बसले तरी तुझी 11,399 ची आघाडी बुडाली. आणि घरी न बसता स्वामींना देणार असतील, तर चारच पुरे."

वंचितवाला खूश. त्यालाही सोडलं नाही. "तुझा उमेदवार नसता तर ही माणसं कुठं गेली असती, हे तुला तरी कुठं माहितीये? मशीन एकच बटण घेतं, दुसरी पसंती विचारतच नाही."

आम्हा हायस्कूलच्या मास्तरांना विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात ती सोय आहे. नावांपुढे 1, 2, 3 लिहायचं. आपला पहिला बाद झाला की मत दुसऱ्याकडे सरकतं. मोजणी मात्र रात्रभर चालते, तो भाग वेगळा.

"मग आम्हालाबी द्या की तसं," काँग्रेसवाला म्हणाला.

"मी देणार? मला उद्याची सुट्टी मिळेना झालीय."

चहाचे पैसे वंचितवाल्याने दिले. दुसऱ्याने तळहात पँटला घासला, पण बॉलपेनचे आकडे काही जाईनात.