रॉकेल हीटरच्या टाकीत ॲडिटिव्ह: कुठे उपयोग, कुठे उपद्व्याप

गॅरेजमधला हीटर धूर टाकू लागला की टाकीत काहीतरी ओतून बघायचा मोह होतो. पण ॲडिटिव्ह (इंधनात मिसळायचं द्रव्य) इंधन सुधारतं, हीटर नाही. नोझलवर जळून बसलेला थर, तुंबलेला हवेचा फिल्टर, पंपाचा उतरलेला दाब यांवर ते चालत नाही. पंख्याचा हीटर पेटून काही सेकंदांत बंद पडत असेल तर आधी ज्योत ओळखणारा फोटोसेल मऊ कापडाने पुसा. त्यावर काजळी धरली की हीटरला ज्योत दिसतच नाही.

मग इंधन तपासा. टाकीच्या तळातलं थोडं रॉकेल काचेच्या बरणीत काढून अर्धा तास ठेवा. चांगलं रॉकेल पाण्यासारखं नितळ असतं (मुद्दाम रंग घातलेलं असेल तर गोष्ट वेगळी). पिवळट पडलेलं रॉकेल हीटरमध्ये वापरू नका. स्टॅबिलायझर ताज्या इंधनात घातला तर ते टिकतं, पण जुनं झालेलं परत ताजं होत नाही.

बरणीत खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी. अशा वेळी टाकी रिकामी करायची, अल्कोहोल ओतत बसायचं नाही. पाणी शोषणारी बरीच ॲडिटिव्ह आयसोप्रोपिल अल्कोहोलवर चालतात आणि ती थोड्याशा ओलाव्यापुरतीच. शुद्ध आयसोप्रोपिलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते) सुमारे १२ अंश सेल्सियस, तर रॉकेलचा किमान ३८. हात सैल सोडला तर टाकीतलं इंधन जास्त ज्वालाग्राही होतं. वातीच्या हीटरसाठी रॉकेल हीटरचं नाव छापलेलंच ॲडिटिव्ह घ्या.

डिझेल गोठू नये म्हणून मिळणारं ॲडिटिव्ह फक्त डिझेल चालणाऱ्या पंख्याच्या हीटरसाठी. ते थंडीत डिझेलमध्ये धरणारे मेणाचे कण बारीक ठेवतं, म्हणजे ते जाळीत अडकत नाहीत. त्यामुळे डिझेल गढूळ होण्याआधीच ते घालावं लागतं. एकदा गोठलं की कॅन उबदार जागी नेण्याला पर्याय नाही. के-१ दर्जाचं (कमी गंधकाचं) रॉकेल उणे ३० अंशांपर्यंत गोठत नाही, त्यात हे घालणं म्हणजे पैसे जाळणं. सीटेन (डिझेल किती चटकन पेटतं याचं माप) वाढवणारं द्रव्यही तसंच निरुपयोगी: ते दाबाने पेटणाऱ्या इंजिनासाठी असतं, इथे ठिणगी किंवा तापलेला प्लग असतो.

मात्रा लेबलवरचीच. १:५०० लिहिलं असेल तर ५ लिटरला १० मिली, १:१००० असेल तर ५ मिली. टोपणाने अंदाज करू नका, सिरिंज वापरा. मिश्रण कॅनमध्ये करा: अर्धं इंधन, मग ॲडिटिव्ह, मग उरलेलं. ओततानाच ते ढवळलं जातं. हीटर थंड असताना, बाहेर नेऊनच टाकी भरा. दुप्पट मात्रेने दुप्पट सफाई होत नाही. धातूची संयुगं असलेल्या ॲडिटिव्हची तर राख उरते आणि वातीवर बसते.

वात कडक झाली असेल तर ॲडिटिव्हची वाट बघू नका. फायबरग्लासची वात टाकी कोरडी होईपर्यंत मोकळ्या हवेत जळू द्या, तिच्यात साचलेलं डांबर जळून जातं. कापसाच्या वातीला हा उपाय चालत नाही, ती स्वतःच जळते. ती बदलायची.

सुगंधी बाटल्या मात्र मला मुळीच पटत नाहीत. उग्र वास म्हणजे ज्वलन अर्धवट होतंय याची खूण, आणि हे द्रव्य नेमकी तीच झाकतं. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला तर वासच नसतो, त्यासाठी गॅरेजचं शटर थोडं उघडं आणि अलार्म चालू हवा.