तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं कळत होतं तर तीन वर्षं राहिलीस कशाला?

इंदूरच्या रामबागेत काकूंकडे हळदीकुंकू असो की जुन्या ऑफिसातल्या कुणाचं लग्न, हा प्रश्न येतोच, बॉस एवढा बेकार होता तर तीन वर्षं करत काय होतीस तिथे? मी "अहो पगार बरा होता" म्हणते आणि पोह्यांची प्लेट उचलते. ते अर्धंच खरंय, म्हणून आज नीट सांगते.

आधी काम, कारण आईला अजूनही वाटतं मी शाळेत शिकवायचे. आमची संस्था सरकारी शाळांत पहिली ते तिसरीच्या वाचन-गणितावर काम करायची. 2021 मध्ये केंद्राचं निपुण भारत आलं, लहान मुलांच्या वाचन-गणिताचं अभियान, आमच्या एमपीत त्याला मिशन अंकुर म्हणतात, तिसरी संपेपर्यंत पोराने मिनिटाला निदान 60 शब्द समजून वाचावेत असं टार्गेट. पैसा कंपन्यांच्या सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठीच्या निधीतला. आणि मी प्रोग्राम मॅनेजर, म्हणजे वर डायरेक्टर, खाली फील्डची पोरं, बाजूला बीआरसी अन् जनशिक्षक, म्हणजे ब्लॉकचे अन् शाळांच्या गटाचे सरकारी समन्वयक, आणि मधे मी, सांवेर-देपालपूरच्या रस्त्यावर, ॲक्टिव्हावर.

आमचे सर ओरडणारे वगैरे नव्हते हो. गोड माणूस, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवणारा. फक्त दिल्लीला एखादी मीटिंग झाली की परत येताना प्रोग्राम बदलून आणायचे. जुलैत रोज गोष्टीचा तास, ऑगस्टमध्ये कुणीतरी टॅब दाखवले तर टॅब, दिवाळीनंतर एकदम पालकसभा, आणि दरवेळी एकच वाक्य, "टीचर्सना कळवून टाक." कळवून टाक! टीचर म्हणजे कोण, तर दोन शिक्षकांच्या शाळेत पाच वर्ग एकत्र घेऊन बसलेला माणूस, दुसरा बीएलओच्या, म्हणजे निवडणुकीच्या ड्यूटीवर मतदार याद्या घेऊन घरोघरी. सांवेरकडचे एक गुरुजी मला हसतच बोलले, "मैडम, पहले आप लोग आपस में तय कर लो, फिर हम बच्चों को बता देंगे." काय बोलणार यावर, चहा प्यायले आणि निघाले.

मग मी गाळायला लागले. सरांनी दहा गोष्टी सांगितल्या तर शाळेत दोनच पोचवायच्या, बाकीच्या रिपोर्टमध्ये "सुरू आहे". फील्डची पोरं खूश, गुरुजी खूश, मलाही आपण लई हुशार वाटायला लागलं.

आणि मग ती टेस्ट. वर्षअखेरची टेस्ट फेब्रुवारीत ठरलेली, पण डोनर डिसेंबरात येणार म्हणून डिसेंबरातच उरकली. घरी माळवी बोलणारी पोरं, पुस्तकातली हिंदी त्यांना तशीही अर्धी परकी, त्यात दोन महिने कापलेले. परिच्छेदावर बरीच मुलं अडकली. सर शीट बघून म्हणाले, "हे असं पाठवता येणार नाही, तू बघ ना काहीतरी."

मी बघितलं. खोटा आकडा एकही टाकला नाही, शपथ. फक्त ग्राफ परिच्छेदाच्या जागी अक्षरओळखीचा लावला, अक्षरं बहुतेकांना येत होतीच. हिरवागार ग्राफ. डोनरने टाळ्या वाजवल्या, सरांनी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत सगळ्या टीमला खाऊ घातलं. ज्या पोराला एक ओळ वाचता येत नव्हती ते त्या ग्राफमध्ये कुठेच नव्हतं, आणि त्याला तिथून बाहेर मी काढलं होतं, सरांनी नाही.

तर राहिले कशाला? मला वाटायचं मी आहे म्हणून शाळांना झळ लागत नाही. खरं तर झळ सरांना लागत नव्हती. त्यांचा प्रत्येक गोंधळ मी रात्री अकरापर्यंत बसून निस्तरायचे, मग त्यांना कळणार कसं की काही बिघडलंय? हे मला नोकरी सोडल्यावर कळलं, आधी कळलं असतं तर सोडली असती की भांडले असते, माहीत नाही, बहुतेक दोन्ही नाही.

मागच्या महिन्यात माझ्या जागेवर आलेल्या मुलीचा फोन आला. "ताई, सर म्हणाले तुम्ही डिसेंबरचा ग्राफ छान करायच्या, त्याचा फॉरमॅट आहे का?" मी तिला परिच्छेदाची शीट पाठवली. अजून तिचा रिप्लाय नाही.