इंजिनिअरिंग मॅनेजमेंटचा मास्टर्स बनवताना

सध्या इंजिनिअरिंग मॅनेजमेंटच्या मास्टर्सचा अभ्यासक्रम लिहायचं काम चाललंय आणि दर मीटिंगला गाडी एकाच ठिकाणी अडते, एमबीए असताना हे वेगळं कशाला? अहो, अमेरिकेत मिसूरीच्या रोला इथल्या विद्यापीठाने याचं स्वतंत्र डिपार्टमेंट १९६७ मध्येच काढलंय.

मशीन घ्यायचं की नाही हे एमबीएवाला नेट प्रेझेंट व्हॅल्यूवर (पुढे मिळणाऱ्या पैशांची आजची किंमत वजा खर्च) ठरवेलही, पण ते किती वेळा बंद पडेल, दुरुस्तीला किती तास जातील हे त्या आकडेमोडीत आणायला रिलायबिलिटी, म्हणजे मशीन न बिघडता किती काळ चालेल याचं गणित, यावी लागते, म्हणून हे दोन्ही विषय एकाच सेमिस्टरला ठेवा म्हणून मी हटून बसलेय. अकाउंटिंग, लीडरशिप वगैरे होईल हो. क्रिटिकल पाथ (प्रोजेक्टला एकूण किती वेळ लागेल ते ठरवणारी कामांची सर्वात लांब साखळी) मात्र नुसता काढायला लावून उपयोग नाही, दोन कामांना एकच माणूस लागला की सगळं शेड्यूल कसं सरकतं ते दाखवायला हवं, खरी गंमत तिथेच आहे.

थीसिसऐवजी कॅपस्टोन प्रोजेक्ट, म्हणजे शेवटी कंपनीतला खरा प्रश्न घेऊन करायचं काम, जवळपास ठरलंय कारण बरेच विद्यार्थी नोकरी करणारे असणार. मार्क कंपनीतल्या मेंटॉरने द्यायचे की आपण यावर अजून घोळ चालूच आहे. माझं म्हणणं, त्यांनी अभिप्राय द्यावा, मार्क आपणच द्यायचे.