शेतकऱ्याच्या नावातला र

गळीत हंगाम सुरू होऊन दहा दिवस झाले होते आणि सकाळी साडेसातला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून मला फोन आला. तिथला पावत्या छापणारा प्रोग्रॅम आमचा आहे. काटा पावतीवर नाव चुकीचे आहे म्हणून एका वृद्ध शेतकऱ्याने पावती घ्यायचे नाकारले होते, आणि त्यांच्या ट्रॅक्टरमागे उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. काट्यावरच्या मुलाने फोटो पाठवला. वरती ‘शेतकऱ्याचे नाव’ हा मथळा अगदी शुद्ध होता आणि त्याच्याच पुढे आडनाव ‘कुर्हाडे’ असे छापले होते. ‘ह’च्या अलीकडे असायला हवा होता तो अर्धा र नाहीसा होऊन ‘ह’च्या डोक्यावर रफार बसला होता. हा फरक क्षुल्लक नाही. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या दऱ्या. ‘आचार्यांना’ बोलावले तर प्रवचन होते आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर स्वयंपाक. त्या गृहस्थांचे म्हणणे योग्यच होते की हे नाव त्यांचे नाही.

काट्यावरच्या थर्मल प्रिंटरला देवनागरी येत नाही. त्यामुळे मजकुराचे आधी चित्र करायचे आणि ते ५७६ ठिपक्यांच्या ओळींनी प्रिंटरकडे पाठवायचे, अशी आमची रचना आहे. चित्र करण्याआधी अक्षरे जुळवावी लागतात, कारण देवनागरी ज्या क्रमाने साठवली जाते त्या क्रमाने ती कागदावर दिसत नाही. ‘मूर्तिकार’ हा शब्द घ्या. साठवताना र आणि हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) आधी, मग त, मग ऱ्हस्व वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी ‘त’च्या आधी येते आणि आधी लिहिलेला र सगळ्यांत शेवटी डोक्यावर चढतो. ही जुळवाजुळव करणारा भाग मी २०१९ मध्ये स्वतः, सी भाषेत, सुमारे एकोणीसशे ओळींत लिहिला होता. ‘कार्त्स्न्य’सारखा शब्द त्यातून पहिल्यांदा नीट बाहेर पडला, त्या रात्रीचा आनंद मला अजून आठवतो.

दोष शोधायला दोन तास लागले. हा अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर रुंदी नसलेले एक अदृश्य जोडचिन्ह असते. आमच्या मथळ्यात पहिला प्रकार होता. यंदा उसाच्या नोंदी चिटबॉयच्या, म्हणजे गावोगाव ऊस नोंदवणाऱ्या कारखान्याच्या कर्मचाऱ्यांच्या, मोबाइलवरून आल्या आणि त्या कळफलकातून नावे दुसऱ्या प्रकाराने आली. माझा भाग ते जोडचिन्ह निरर्थक समजून टाकून देत होता आणि उरलेल्या ‘र’चा नियमाप्रमाणे रफार करत होता. हे चाचणीत सापडले नाही, कारण आम्ही पावती कार्यालयातल्या पडद्यावर तपासत होतो आणि पडद्यावर ती बरोबर दिसत होती. पडद्याचा भाग क्यूटी या पडद्यावरच्या खिडक्या-बटणे करणाऱ्या तयार कोडवर चालतो आणि क्यूटीच्या पोटात अक्षरे जुळवणारे हार्फबझ आहे. म्हणजे ज्या कामासाठी मी एकोणीसशे ओळी लिहिल्या, ते काम करणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आमच्याच प्रकल्पात, आमच्याच संगणकावर, पहिल्या दिवसापासून होती.

आमच्याकडची एक कनिष्ठ सहकारी रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, “सर, काट्यावरही हार्फबझच वापरू या ना.” मी तिला सांगितले होते की, त्या छोट्या संगणकावर परके ओझे नको. त्या दुपारी मी नियमाला ठिगळ लावत असताना तिने साठ कठीण शब्दांची यादी केली आणि ती दोन्हींकडून काढून पाहिली. हार्फबझने साठही शब्द बरोबर दिले. माझ्या भागाचे अकरा चुकले. मग तिने हार्फबझच्या स्रोतातली एकच एकत्रित फाइल आमच्या प्रोग्रॅमबरोबर संकलित केली, नको असलेले विभाग वगळले आणि संध्याकाळी पाचच्या आत काट्यावर चालवून दाखवले. ज्या ओझ्याची मला भीती होती, ते मी एकदाही मोजून पाहिले नव्हते.

हार्फबझचा स्वतःचा इतिहासही असाच आहे. फाँट हाताळणाऱ्या फ्रीटाइप या लायब्ररीतला जुळणीचा जुना कोड पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीने आणि क्यूटीने वेगवेगळा उचलला, दोघांनी तो आपापल्या परीने दुरुस्त केला, आणि एकाने काढलेली चूक दुसऱ्याकडे तशीच राहू लागली. पुढे दोन्ही प्रवाह एकत्र आणले गेले आणि बेहदाद एस्फाहबोद यांनी तो कोड नव्याने लिहिला. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे उघडे. आज फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड त्याच्यावर अवलंबून आहेत. लिब्रेऑफिसमध्ये २०१७ च्या ५.३ आवृत्तीआधी लिनक्स, विंडोज आणि मॅक यांसाठी तीन निरनिराळ्या यंत्रणा होत्या. त्या आवृत्तीपासून तिन्हीकडे हार्फबझ आले. त्या रात्री मी देवनागरी जुळणीचे इतर ओपन सोर्स प्रकल्प चाळले. वेलांटी मागे, रफार वर, असे पहिले पाच-सहा नियम बहुतेकांचे सारखेच होते आणि पाहिलेल्यांपैकी तिघे तर माझ्यासारखेच त्या अदृश्य चिन्हाशी अडले होते. आपल्याकडे मराठीसाठी नवे काहीतरी जाहीर करायला माणसे पुढे येतात, पण चालू असलेल्या प्रकल्पाला दहा शब्दांची चाचणी जोडायला कोणी येत नाही. त्यात मीही होतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तरीही सगळे श्रम वाया गेले, असे मला म्हणवत नाही. ते अकरा शब्द कुठे आणि का मोडतात, हे मी सहकारीला पाहताक्षणी सांगू शकलो ते त्या एकोणीसशे ओळींमुळेच. आणि आता मला दुसरी काळजी आहे. आम्ही हार्फबझची ती फाइल आमच्या फोल्डरमध्ये उतरवून घेतली आहे, म्हणजे पँगोने आणि क्यूटीने जे केले तेच केले. मूळ प्रकल्पात पुढे जे दुरुस्त होईल ते आमच्या प्रतीत आपोआप येणार नाही. म्हणून दर हंगामाआधी नवी आवृत्ती घेऊन त्या साठ शब्दांवर चालवायची, असे सहकारीने कामाच्या वहीत लिहिले आणि त्यापुढे स्वतःचे नाव घातले. मी तिच्या खाली माझे घातले.

काट्यावरची पावती दुसऱ्या दिवशी ‘कुऱ्हाडे’ अशी निघाली. मात्र जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेल्या सभासद यादीत अशी नावे अजून आहेत, ज्यांतले जोडचिन्ह कधीच नव्हते. ती पडद्यावरही ‘कुर्हाडे’ आणि ‘गोर्हे’ अशीच दिसतात, आणि कोणतीही लायब्ररी त्यांना दुरुस्त करू शकत नाही, कारण जे साठवले आहे ते ती इमानदारीने दाखवते. ती यादी घेऊन दोन चिटबॉय सध्या गावोगाव सभासदांना विचारत फिरत आहेत.